एकाच सर्व्हरवर ४० ग्राहकांच्या साइट्स आहेत. ऑटो-अपडेट चालू ठेवावं की बंद?

तुमच्या प्रश्नावरून चित्र असं दिसतं: बहुतेक साइट्स वर्डप्रेसच्या, दोन-चार जूमला, एखादी ड्रुपल (तिन्ही साइट बांधायची तयार सॉफ्टवेअर्स). ऑटो-अपडेट चालू केलं की कुणाचा तरी फॉर्म मोडतो आणि फोन येतो. बंद ठेवलं की महिन्या-दोन महिन्यांत कुठली तरी साइट हॅक होते.

माझं उत्तर: वर्डप्रेसच्या कोअरची (मूळ सॉफ्टवेअरची) छोटी अपडेट्स सगळीकडे आपोआप. प्लगइनची (वरून जोडलेल्या सोयींची) अपडेट्स साध्या साइट्सवर आपोआप. जिथे ऑर्डर आणि पैसे फिरतात तिथली मोठी अपडेट्स हाताने, आधी प्रतीवर तपासून. पण हे सगळं सुरू करण्याआधी सर्व्हरवर नक्की काय काय पडलंय त्याची यादी हवी, आणि निदान एकदा परत आणून बघितलेला बॅकअप हवा.

यादीवर मी मुद्दाम जोर देतोय. ४० ग्राहक म्हणजे ४० साइट्स हा हिशेब सहसा जुळत नाही. ग्राहकाच्या फोल्डरमध्ये 'ओल्ड', 'टेस्ट', 'न्यू२' अशा नावांच्या जुन्या प्रती असतात, त्यांचा डॅशबोर्ड (साइट सांभाळायचं पान) कुणी उघडत नाही, आणि हल्लेखोराचा स्कॅनर नेमक्या त्याच हुडकतो. म्हणून सर्व्हरच्या पॅनेलमधल्या डोमेनच्या यादीवर विसंबू नका, थेट डिस्कवर शोधा. वर्डप्रेसची आवृत्ती 'डब्ल्यूपी-इन्क्लूड्स' फोल्डरातल्या 'व्हर्जन' फाइलमध्ये लिहिलेली असते. जूमलाची 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' फोल्डराखाली 'मॅनिफेस्ट्स'मधल्या एक्सएमएल फाइलमध्ये, आणि ड्रुपल ८ पासून पुढे 'कोअर' फोल्डरातल्या 'ड्रुपल' नावाच्या पीएचपी (या साइट्सच्या कोडची भाषा) फाइलमध्ये. सगळ्या होम फोल्डरांत या फाइली शोधून रस्ता आणि आवृत्ती छापणारी छोटी स्क्रिप्ट आठवड्यातून एकदा चालवा. ड्रुपल ७ सापडलं तर लगेच बाजूला काढा, त्याचा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ ला संपला.

प्लगइनची यादी डब्ल्यूपी-सीएलआयने (वर्डप्रेस कमांडने हाताळायचं साधन) काढा, पण रूट (सर्व्हरचे सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून कधीही चालवू नका. हे साधन त्या साइटचा पीएचपी कोड स्वतः लोड करतं. साइट आधीच हॅक झालेली असेल तर आत लपवलेला कोड रूटच्या अधिकारांनी चालेल, आणि एका ग्राहकाचं दुखणं सगळ्या सर्व्हरचं होईल. प्रत्येक खात्यावर त्या त्या खात्याच्या युजरनेच चालवा.

यादी हातात आली की तीन प्रकारची प्लगइन्स वेगळी काढा, कारण ती 'सगळं अपडेटेड आहे' असं दाखवत राहतात आणि प्रत्यक्षात जुनी असतात. पहिला प्रकार: वर्डप्रेसच्या अधिकृत डिरेक्टरीतून बंद केलेली. नवं अपडेट येणारच नसतं, त्यामुळे डॅशबोर्ड गप्प राहतो. दुसरा: विकतची, ज्यांचं लायसन्स संपलंय. तिसरा प्रकार सर्वांत फसवा, थीमच्या (साइटचं रूप ठरवणाऱ्या संचाच्या) पोटातून आलेली प्लगइन्स. २०१४ मध्ये रेव्होल्यूशन स्लायडरच्या त्रुटीने इतका धुमाकूळ घातला तो यामुळेच. अनेकांना ते आपल्या साइटवर आहे हेच ठाऊक नव्हतं, आणि त्या त्रुटीतून 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' फाइल, म्हणजे डेटाबेसचा पासवर्ड, बाहेरून सरळ डाउनलोड करता येत होता.

वापरात नसलेलं प्लगइन डिअ‍ॅक्टिव्हेट करून ठेवणं म्हणजे काहीच न करणं. सप्टेंबर २०२० मधलं 'फाइल मॅनेजर' प्लगइनचं प्रकरण बघा. त्यातली एक कनेक्टर फाइल ब्राउझरमधून थेट हाक मारली तरी चालायची आणि कुणीही तिच्यातून फाइल चढवू शकायचा. वर्डप्रेस मध्ये येतच नव्हतं, मग प्लगइन चालू आहे की बंद हे विचारणार कोण? डिलीट करा. थीम्सनाही हेच लागू, चालू थीम आणि एक मूळची थीम ठेवून बाकीच्या उडवा.

आता ऑटो-अपडेट. छोटी अपडेट्स आपोआप बसण्याची सोय वर्डप्रेस ३.७ पासून, २०१३ पासून आहे. प्लगइनसाठी ती ५.५ मध्ये, २०२० साली आली, पण प्रत्येक प्लगइनला चालू करावी लागते. मोठ्या आवृत्त्या आपोआप बसणं ५.६ पासून, तेही फक्त नव्याने बसवलेल्या साइट्सवर. त्याआधी बसवलेली साइट, कुणी पर्याय बदलला नसेल तर, स्वतःहून मोठी उडी घेत नाही. ६.६ पासून आपोआप झालेल्या अपडेटनंतर पीएचपीची फेटल एरर (कोड जागीच थांबवणारी चूक) आली तर प्लगइन परत जुन्या आवृत्तीवर येतं. चांगली सोय आहे, पण ती एवढंच पकडते. फॉर्मचं बटण मेलं, मांडणी विस्कटली, तर तिच्या दृष्टीने सगळं ठीक.

'चालू' दिसूनही ऑटो-अपडेट होत नसेल तर कारणं बहुधा यातलीच निघतात:

– साइटवर वर्दळच नाही. वर्डप्रेसचा अंतर्गत क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) कुणी पान उघडलं तरच हलतो. तो बंद करून सर्व्हरचा खरा क्रॉन लावा, दर १५ मिनिटांनी. सगळ्या साइट्सना एकच मिनिट देऊ नका, नाहीतर ४० साइट्स एकदम उठतील आणि लोड कुठून आला ते शोधत बसाल.
– फाइलींचा मालक वेगळा आणि पीएचपीचा युजर वेगळा. डॅशबोर्ड एफटीपीचा पासवर्ड मागू लागला की समजायचं, हेच झालंय.
– साइटच्या किंवा तिच्या वरच्या फोल्डरात कुणी डेव्हलपरने गिटचा (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या साधनाचा) लपलेला फोल्डर ठेवलाय. तो दिसला की वर्डप्रेस आपोआप अपडेट करायचं थांबवतं, आणि डॅशबोर्ड रोज कोण बघतं?
– कॉन्फिगमध्ये 'डिसअलाऊ फाइल मॉड्स' लावलंय. डॅशबोर्डमधला फाइल एडिटर बंद करायचा असेल तर 'डिसअलाऊ फाइल एडिट' पुरतं. 'मॉड्स'वालं लावलं की अपडेट्सही बंद पडतात.
– डिस्कचा किंवा फाइलसंख्येचा कोटा भरलाय, त्यामुळे अपडेट अर्ध्यात तुटतं.

अर्ध्यात तुटल्यावर साइट 'देखभालीसाठी बंद' अशी पाटी दाखवते. मुळाच्या फोल्डरात 'मेंटेनन्स' नावाची लपलेली फाइल उरते, ती काढली की पाटी जाते. नाही काढली तरी १० मिनिटांनी वर्डप्रेस तिच्याकडे दुर्लक्ष करतं. पण पाटी गेली म्हणजे काम झालं असं समजू नका, अर्धवट कॉपी झालेलं प्लगइन आत तसंच असतं. ते पुन्हा पूर्ण बसवा.

घाई किती करायची? ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपल ७ च्या एसक्यूएल इंजेक्शनच्या (डेटाबेसला बाहेरून आज्ञा घुसवता येणाऱ्या त्रुटीच्या) वेळी त्यांच्याच सुरक्षा चमूने सांगितलं होतं की घोषणेनंतर ७ तासांत पॅच केलं नसेल तर साइट हॅक झाली असंच धरा. वर्डप्रेस ४.७.२ हे २६ जानेवारी २०१७ ला आलं, त्यातल्या गंभीर त्रुटीची माहिती १ फेब्रुवारीला उघड झाली, आणि जे मागे राहिले त्यांची पानं विद्रूप व्हायला सुरुवात झाली. म्हणून 'रविवारी सगळं अपडेट करतो' ही पद्धत नेहमीच्या अपडेट्सना ठीक, सुरक्षेच्या अपडेटला नाही.

दुकानाच्या साइट्सवर मात्र आधी प्रत काढा. त्या प्रतीला पासवर्ड लावा, तिचे ईमेल बंद करा आणि पेमेंट टेस्ट मोडवर टाका, नाहीतर खऱ्या ग्राहकांना खोटे मेल जातात. प्रतीवर सगळं चाललं की तीच अपडेट्स मूळ साइटवर पुन्हा चालवा. प्रतीचा डेटाबेस मूळ साइटवर कधीही उलटा ओतू नका. मधल्या वेळात आलेल्या ऑर्डरी त्यात नसतात, त्या कायमच्या जातात. अपडेटच्या लगेच आधी डेटाबेसचा बॅकअप, मग अपडेट, मग डेटाबेसचं अपग्रेड, मग कॅशे (साठवलेली तयार पानं) आणि ऑपकॅशे (पीएचपीचा साठवलेला कोड) रिकामा. नुसतं मुखपृष्ठ उघडून 'चालतंय' म्हणू नका, ते पान कॅशेतून येत असतं आणि मागे साइट मेलेली असू शकते. लॉग-इन करून बघा, फॉर्म भरून बघा, एक वस्तू पेमेंटच्या पानापर्यंत न्या, आणि एरर लॉगच्या शेवटच्या २०–३० ओळी वाचा.

पीएचपीची आवृत्ती बदलणं हे वेगळं काम. ७.४ चा आधार नोव्हेंबर २०२२ मध्येच संपला, ८.१ चा २०२५ च्या शेवटी. आधी प्लगइन आणि थीम अपडेट करा, मग पीएचपी चढवा. उलट केलंत तर जुन्या थीम्स कोसळतात. पीएचपी ८.० मध्ये 'ईच' आणि 'क्रिएट फंक्शन' ही दोन फंक्शन्स काढून टाकली, आणि जुन्या थीम्समध्ये ती हटकून सापडतात.

सगळं करूनही एखादी साइट फुटेल असंच धरून सर्व्हर मांडा. प्रत्येक खात्याला स्वतंत्र युजर आणि स्वतंत्र पीएचपी पूल (पीएचपी चालवणाऱ्या प्रक्रियांचा गट). परवानग्या: फोल्डर ७५५, फाइली ६४४, कॉन्फिग ६०० किंवा ६४०, ७७७ (सगळ्यांना सगळं मोकळं) कुठेच नको. अपलोड्सच्या फोल्डरात पीएचपी चालणं बंद करा. हे एचटीअ‍ॅक्सेसने केलं असेल आणि सर्व्हरवरचं वेब-सॉफ्टवेअर एनजिनएक्स असेल तर त्याचा उपयोग शून्य, ती नियमांची फाइल एनजिनएक्स वाचतच नाही. आणि कॉन्फिगच्या शेवटी 'बॅक' जोडून ठेवलेल्या प्रती शोधून काढा. नावाचा शेवट पीएचपी नसला की सर्व्हर ती फाइल चालवत नाही, साध्या मजकुरासारखी हातात देतो, पासवर्डसकट.

फुटलेल्या साइटवर अपडेट मारून मोकळं होऊ नका. दार बंद झालं तरी चोर आतच असतो. चेकसम, म्हणजे फाइलींचे ठसे, मूळ फाइलींशी ताडून बघा (अधिकृत डिरेक्टरीतल्या प्लगइन्सचेच जुळतात, विकतची नव्याने बसवावी लागतात). 'एमयू-प्लगइन्स' फोल्डर उघडा, तिथलं काही नेहमीच्या यादीत दिसत नाही. अनोळखी अ‍ॅडमिन काढा, खात्याचा क्रॉनटॅब (क्रॉनच्या कामांची यादी) वाचा. साफ केलेली साइट तासाभरात पुन्हा घाण होत असेल तर बऱ्याचदा क्रॉनमधली एक ओळ ते करत असते. शेवटी डेटाबेस, एफटीपी आणि पॅनेलचे पासवर्ड बदला, आणि कॉन्फिगमधल्या आठही गुप्त कळा बदला. त्या बदलल्या की चोरलेली लॉग-इन्स जागीच रद्द होतात.

राहिले ते ग्राहक ज्यांना अपडेटही नको आणि साइट बंदही नको. करारात लिहून घ्या की सुरक्षेचं अपडेट तुम्ही न विचारता लावाल आणि संसर्ग दिसला तर साइट तात्पुरती थांबवाल. वर्षानुवर्षं न बदललेली चार-पाच पानांची साइट असेल तर तिची साधी एचटीएमएल प्रत काढून तीच चढवा. शोधपेटी जाईल, संपर्काचा फॉर्म वेगळ्या सेवेवर न्यावा लागेल. पाहणाऱ्याला फरक कळणार नाही, आणि तुमच्या यादीतली एक ओळ कायमची कमी होईल.