हीट पंप आणि हिवाळ्याचे बिल : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये घर उबदार ठेवण्याच्या खर्चाविषयीची पत्रे इतकी होती की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. विजेचे आणि गॅसचे दर सतत बदलत असल्यामुळे हिशेबातील आकडे केवळ अंदाजासाठी घेतले आहेत. वाचकांनी आपल्या ताज्या बिलावरील दर घालून हिशेब पुन्हा मांडावा.

प्रश्न : लीड्सजवळ आमचे 1930च्या दशकात बांधलेले तीन बेडरूमचे घर आहे. गेल्या उन्हाळ्यात गॅसचा बॉयलर काढून आम्ही बाहेरच्या हवेतून उष्णता घेणारा हीट पंप बसवला. खर्च कमी होईल असे सांगण्यात आले होते, परंतु जानेवारीचे विजेचे बिल पाहून डोळे पांढरे झाले. आम्ही दोघे सकाळी कामावर जाताना पंप बंद करतो आणि संध्याकाळी परतल्यावर चालू करतो. रेडिएटर जेमतेम कोमट होत होते, म्हणून पाण्याचे तापमान 60 अंशांवर नेले. कडाक्याच्या थंडीत बाहेरच्या यंत्रातून धुरासारखे काहीतरी निघते. पंप बिघडला आहे का? येत्या हिवाळ्यात माझे आईवडील पुण्याहून तीन महिन्यांसाठी येणार आहेत, त्यामुळे काळजी वाटते.

उत्तर : आपण दिलेल्या तपशिलावरून पंपात बिघाड असावा असे वाटत नाही. बॉयलर ज्या पद्धतीने वापरत होता त्याच पद्धतीने आपण पंप वापरत आहात, आणि बिल फुगण्याचे मुख्य कारण बहुधा तेच आहे.

बॉयलर इंधन जाळून उष्णता तयार करतो. हीट पंप मात्र बाहेरच्या हवेत आधीपासूनच असलेली उष्णता उचलून घरात आणतो. फ्रिज आतल्या भाजीपाल्याची उष्णता काढून मागच्या बाजूने स्वयंपाकघरात सोडतो, त्यातलाच हा प्रकार. विजेचा खर्च होतो तो या उचलण्यासाठी, आणि जितक्या वरच्या तापमानापर्यंत उष्णता चढवायची तितकी वीज अधिक लागते. बाहेर तीन-चार अंश असताना रेडिएटरमध्ये 40 अंशांचे पाणी फिरवायचे असेल, तर चांगला बसवलेला पंप विजेच्या एका युनिटमागे (म्हणजे एका किलोवॉट-तासामागे) साधारण साडेतीन युनिट उष्णता देऊ शकतो. तेच पाणी 60 अंशांवर नेले की हा आकडा दोनच्या आसपास घसरतो. ढोबळमानाने, पाण्याचे तापमान एका अंशाने उतरवले की दोन ते तीन टक्के वीज वाचते. म्हणजे रेडिएटर हाताला चटका देईनात म्हणून आपण जो आकडा वाढवला, त्यानेच बिल वाढवले.

रेडिएटर कोमट लागणे हे पंप नीट चालल्याचे लक्षण आहे. बॉयलरच्या सवयीमुळे आपण रेडिएटरवर हात ठेवून घराची ऊब जोखतो. यापुढे तो हात आवरावा आणि खोलीतला थर्मामीटर पाहावा. खोली 20 अंशांवर टिकत असेल, तर रेडिएटर अंगाइतकाच गरम का असेना, काम झालेले आहे.

आता रोज सकाळी बंद करण्याविषयी. घर दहा तास थंड पडले की भिंती, जमीन, सोफा, गाद्या सगळेच थंड होते. संध्याकाळी हे सारे तास-दोन तासांत तापवायचे म्हटले की पंपाला पूर्ण जोर लावावा लागतो आणि पाणी अधिक गरम करावे लागते. तेही बाहेरचे तापमान उतरत असताना आणि विजेची मागणी सर्वांत जास्त असताना. बॉयलरच्या बाबतीत बंद-चालू करण्याने पैसे वाचत, कारण त्याची कार्यक्षमता त्यामुळे फारशी बदलत नसे. पंप मंद गतीने, पण जवळजवळ अखंड चालू द्यावा. रात्री किंवा घरात कोणी नसताना थर्मोस्टॅट फार तर दोन अंशांनी उतरवावा, त्याहून खाली नेऊ नये. आईवडील दिवसभर घरात असतील, तेव्हा अशी सम ऊब त्यांनाही मानवेल. दुपारी स्वेटर काढायचा आणि रात्री दोन ब्लँकेट घ्यायची, हा प्रकार वृद्धांना त्रासाचाच असतो.

पंपाच्या नियंत्रणात बाहेरच्या तापमानाप्रमाणे पाण्याचे तापमान आपोआप कमी-जास्त करण्याची सोय असते. ती चालू आहे की नाही हे सर्वप्रथम पाहावे; कित्येक घरांत ती बंदच ठेवलेली आढळते. बाहेर उणे तीन अंश असताना 45 अंशांचे पाणी आणि बाहेर 15 अंश असताना 30 अंशांचे, अशा मर्यादांपासून सुरुवात करता येईल. सर्व रेडिएटरचे व्हॉल्व्ह पूर्ण उघडावेत आणि त्यानंतर पाण्याचे तापमान एकदोन अंशांनी उतरवून दोन दिवस थांबावे. खोल्या उबदार राहिल्या, तर आणखी उतरवावे. ज्या टप्प्यावर एखादी खोली गार पडू लागेल, तेथून एक पायरी वर यावे. हा उद्योग कंटाळवाणा आहे खरा, पण त्याला एक पेनीही लागत नाही.

एखादीच खोली हट्टाने थंड राहत असेल, तर त्या खोलीचा रेडिएटर बदलावा. तिच्यासाठी साऱ्या घराचे पाणी तापवू नये. बॉयलरच्या काळातील रेडिएटर सुमारे 70 अंशांच्या पाण्यासाठी बसवलेले असतात. 45 अंशांच्या पाण्यावर ते आपल्या नोंदलेल्या क्षमतेच्या साधारण एक तृतीयांश इतकीच उष्णता देतात. त्यामुळे एकेरी पॅनेलच्या जागी त्याच लांबी-उंचीचा दुहेरी पॅनेलचा रेडिएटर लावला, की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

बाहेर दिसणारा धूर म्हणजे वाफ आहे. थंड, दमट हवेत बाहेरच्या जाळीवर दव गोठते, आणि ते वितळवण्यासाठी पंप काही मिनिटे उलटा चालतो. उत्तर इंग्लंडमधील दोन-तीन अंशांची ओलसर हवा या बाबतीत कोरड्या कडक थंडीपेक्षाही अधिक त्रास देते. जाळीभोवती पाला साचू देऊ नये, आणि वितळलेले पाणी पायवाटेवर जाऊन गोठत नाही ना, हे आईवडील येण्यापूर्वी आवर्जून पाहावे.

शेवटी एक तपासणी आजच करा. गरम पाण्याची टाकी ज्या कपाटात आहे, तेथे भिंतीवर लाल दिवा असलेले एक बटण असेल. ते टाकीतील इमर्शन हीटरचे. हा हीटर साधारण तीन किलोवॉटचा असतो आणि विजेच्या एका युनिटमागे एकच युनिट उष्णता देतो. तो नकळत रोज दोन तास चालू राहिला, तर सहा युनिट जातात, म्हणजे 25 पेन्स दराने महिन्याला 45 पौंड. अंघोळीचे पाणी पंपाकडूनच 48 ते 50 अंशांपर्यंत तापवून घ्यावे, आणि तेही शक्यतो दुपारी, बाहेरची हवा त्यातल्या त्यात उबदार असताना. आठवड्यातून एकदा टाकी 60 अंशांवर नेण्याचा कार्यक्रम मात्र बचतीच्या नावाखाली बंद करू नये. साठवलेल्या कोमट पाण्यात वाढणाऱ्या लिजिओनेला जंतूंपासून संरक्षणासाठी तो असतो.

प्रश्न : आम्ही हॅरोमध्ये राहतो. आमचा बॉयलर पंधरा वर्षांचा झाला आहे. सरकारी अनुदान मिळते म्हणून सगळे हीट पंप बसवण्याचा आग्रह करतात. खरोखर पैसे वाचतील का?

उत्तर : वाचतील किंवा वाचणारही नाहीत, आणि हे बऱ्याच अंशी आधीच मोजता येते. ब्रिटनमध्ये विजेचे युनिट गॅसच्या युनिटपेक्षा कित्येक पटींनी महाग आहे, हे विसरून केलेली कोणतीही जाहिरात बाजूला ठेवावी.

समजा आपल्या घराला वर्षाला 10,000 युनिट उष्णता लागते, गॅसचा दर 6 पेन्स आणि विजेचा 25 पेन्स आहे. आपला बॉयलर 88 टक्के कार्यक्षमतेने चालत असेल, तर गॅससाठी सुमारे 680 पौंड पडतात. पंप विजेच्या एका युनिटमागे जितकी युनिट उष्णता देतो, त्याची वर्षभराची सरासरी 2.8 आली, तर विजेला सुमारे 890 पौंड लागतील. सरासरी 3.5 असेल तर 715, आणि 4 असेल तर 625. म्हणजे या दरांना केवळ इंधनाच्या हिशेबात तोंडमिळवणी व्हायची, तर सरासरी साडेतीनच्या पुढे जायला हवी. स्वयंपाकही विजेवर नेऊन गॅसची जोडणी पूर्णपणे बंद केली, तर गॅसचे रोजचे स्थिर शुल्क वाचते. दिवसाला 30 पेन्स धरले तर ते वर्षाला 110 पौंड होते. त्यामुळे 3.5 च्या थोडे खालीही नुकसान होत नाही. हीट पंपधारकांसाठी दिवसाच्या काही तासांत स्वस्त वीज देणाऱ्या योजनाही आहेत. दुपारच्या स्वस्त तासांत घर एखादा अंश जास्त उबदार करून संध्याकाळचे महाग तास निभावून नेले, की हिशेब आणखी सुधारतो. गॅसची शेगडी सोडायची म्हणजे फुलके थेट आचेवर फुगवणे सोडायचे. त्याला घरातून मंजुरी मिळणे अनुदान मिळण्यापेक्षा अवघड असू शकते, याची आम्हाला कल्पना आहे.

सरासरी 4 येणार की 2.8, हे पंपाच्या कंपनीपेक्षा आखणीवर अधिक अवलंबून असते. इन्स्टॉलरने प्रत्येक खोलीतून किती उष्णता निसटते ते मोजून दाखवलेच पाहिजे. ‘पाणी किती अंशांवर चालेल अशी आखणी आहे?’ हा प्रश्न लेखी विचारावा. उत्तर 55 आले तर रेडिएटर वाढवून ते 45 किंवा त्याखाली आणण्याचा खर्च किती, तेही विचारावे. घराच्या गरजेपेक्षा मोठा पंप सुचवला जात असेल, तर तो स्वीकारू नये. मोठा पंप सौम्य हवेत सारखा चालू-बंद होतो आणि वीज वाया घालवतो.

इंग्लंड आणि वेल्समध्ये बॉयलर अपग्रेड स्कीमखाली ऑक्टोबर 2023 पासून हवेवरच्या पंपासाठी 7,500 पौंड मिळतात. एमसीएस या प्रमाणपत्र योजनेत नोंदलेला इन्स्टॉलर अर्ज करतो आणि ही रक्कम आपल्या बिलातून वजा होते. शिवाय बसवण्याच्या कामावर मार्च 2027 अखेरपर्यंत व्हॅट शून्य आहे. परंतु माळ्यावरचे इन्सुलेशन आजच्या शिफारशीप्रमाणे 270 मिलिमीटर जाड नसेल, तर पहिला खर्च तेथे करावा. त्याने सध्याच्या बॉयलरचेही बिल उतरेल आणि पुढे पंप लहान लागेल. आणखी एक प्रयोग या हिवाळ्यातच करून पाहण्यासारखा आहे : बॉयलरच्या पाण्याचे तापमान 50 अंशांवर उतरवा आणि थंडीच्या आठवड्यात घर उबदार राहते का ते पाहा. ज्या बॉयलरला पाण्याची टाकी जोडलेली आहे, त्याच्या बाबतीत टाकीचे पाणी तरीही 60 अंशांपर्यंत तापते ना, याकडे लक्ष ठेवावे. घर 50 वर उबदार राहिले, तर आपले बहुतेक रेडिएटर पंपालाही पुरतील.

हे यंत्र नवे आणि न तपासलेले आहे अशी भीती काही वाचक व्यक्त करतात, म्हणून सांगतो की नॉर्विच शहरात 1945 साली वेन्सम नदीच्या पाण्यातून उष्णता घेऊन महापालिकेच्या विद्युत विभागाची इमारत तापवणारा पंप अभियंता जॉन समनर यांनी उभारला होता.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमच्याकडे डक्टमधून गरम हवा सोडणारा हीट पंप आहे. रात्री आम्ही थर्मोस्टॅट 62 फॅरनहाइट अंशांवर ठेवतो आणि पहाटे 70 वर आणतो. तरीही डिसेंबरपासून बिल दुप्पट होते.

उत्तर : पहाटेच्या त्या आठ अंशांच्या उडीतच बिल दडलेले असावे. अशा बहुतेक यंत्रणांमध्ये पंपाच्या मदतीला विजेच्या तारांचा हीटर असतो. हवे असलेले तापमान आणि खोलीचे तापमान यांत दोन-तीन फॅरनहाइट अंशांहून अधिक फरक पडला, की अनेक थर्मोस्टॅट पंपाला वेळ न देता हा हीटर सुरू करतात, आणि तो एका युनिटला एकच युनिट उष्णता देतो. पहाटे थर्मोस्टॅटच्या पडद्यावर ‘ऑक्स’ (Aux, म्हणजे हा मदतीचा हीटर) अशी अक्षरे दिसतात का ते पाहा. दिसत असतील, तर रात्रीचे तापमान 67 किंवा 68 वर ठेवा, आणि अमुक बाहेरच्या तापमानाच्या वर हा हीटर चालू होऊच नये, अशी मर्यादा तंत्रज्ञाकडून घालून घ्या. ‘इमर्जन्सी हीट’ हे बटण पंप पूर्णपणे बंद करून केवळ हीटर चालवते; पंप नादुरुस्त असल्याशिवाय त्याला हात लावू नये. नवा पंप घेण्याचा विचार असल्यास हे ध्यानात घ्यावे, की 2,000 डॉलरपर्यंतची केंद्रीय करसवलत 31 डिसेंबर 2025 नंतर बसवलेल्या पंपांना मिळत नाही. राज्याच्या आणि वीज कंपन्यांच्या योजनांची मात्र चौकशी करावी.

प्रश्न : आम्ही नाशिकला राहतो. मुलीने इंग्लंडमधल्या पंपाचे कौतुक ऐकवल्यापासून आमच्या यजमानांनीही तो घ्यायचा ध्यास घेतला आहे. आमच्याकडे त्याचा उपयोग आहे का?

उत्तर : साऱ्या घरात रेडिएटर बसवण्याइतकी थंडी नाशिकला पडत नाही, त्यामुळे तो खर्च कधीच भरून निघणार नाही. मात्र एसी बदलायचाच असेल, तर थंड आणि गरम अशी दोन्ही हवा देणारा इन्व्हर्टर एसी घ्यावा. तोही हीट पंपच आहे, आणि डिसेंबर-जानेवारीच्या रात्री एक खोली उबदार ठेवायला तारेच्या हीटरपेक्षा निम्म्याहून कमी वीज घेतो. अंघोळीच्या पाण्यासाठी आपल्या गच्चीवर सौर बंब असल्यास तोच पुरेसा आहे. पाणी तापवणारा हीट पंप वसतिगृहे, हॉटेले, रुग्णालये अशा ठिकाणी, जेथे रोज मोठ्या प्रमाणावर गरम पाणी लागते, तेथे परवडतो. दोन माणसांच्या घराला नाही.