नदीकडे तोंड करून बसलेली गावं

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कृष्णाकाठच्या सायकल प्रवासाचा तक्ता मिळाला. वाई ते खिद्रापूर, अडीच दिवस, रोज शंभर किलोमीटर, चहाचे थांबेसुद्धा मिनिटांसकट. मला हसू आलं, कारण पंचवीस वर्षांपूर्वी माझ्या वहीत असाच तक्ता होता. शंभर किलोमीटर तुला जड नाहीत, ते मी जाणतो. पण तुझ्या तक्त्यात कृष्णा कुठे आहे? मला तर नुसता महामार्ग दिसला.

कृष्णाकाठची जुनी गावं नदीकडे तोंड करून बसलेली आहेत. घाट, देऊळ, वाडा, पार, सगळं पाण्याच्या अंगाला. डांबरी रस्ता नंतर आला आणि गावाच्या पाठीमागून निघून गेला. त्यामुळे रस्त्यावरून तुला दिसणार एसटीचा थांबा, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि खताचं दुकान. गाव बघायचं तर दर वेळी रस्ता सोडून खाली उतरायचं, आळीबोळातून पाण्यापर्यंत जायचं आणि तोच चढ परत चढायचा. असे फाटे आधी मांड. उरलेल्या वेळात किलोमीटर बसतील तेवढे बसव. माझा हिशेब पाच दिवसांचा आहे.

आणखी एक फसगत. वाई सातशे मीटरच्या थोडी वर, सांगली साडेपाचशेच्या आसपास, म्हणजे सगळा उतारच, असं तू लिहिलंयस. उतार नदीला आहे, रस्त्याला नाही. कृष्णेला मिळायला निघालेला प्रत्येक ओढा रस्त्याला आडवा येतो. खाली उतर, ओढ्यावरचा बुटका फरशी पूल ओलांड, वर चढ. नकाशावर सपाट दिसणारा पट्टा संध्याकाळपर्यंत मांड्यांत भरतो. गिअर आधीच हलका करून ठेवायची सवय लाव, चढावर पाय अडकल्यावर नव्हे.

वाईत एक अख्खी सकाळ दे. ढोल्या गणपतीचं देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधलं. लोक समोरून दर्शन घेतात आणि जातात. तू मागच्या बाजूला जा. देवळाची पाठची भिंत माशाच्या आकाराची आहे, निमुळत्या टोकाची. पूर आला की पाणी त्या टोकावर दुभंगतं आणि दोन्ही अंगांनी निघून जातं. भिंतीला टेकून उभी राहा आणि नदीकडे बघ, बांधणाऱ्याला नदी किती ठाऊक होती ते कळेल. आपण आता नदीपात्रात मंगल कार्यालयं बांधतो, पण तो विषय निघाला की माझं पत्र लांबतं.

तिथून मेणवली तीनेक किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा बघच, पण जास्त वेळ मागच्या घाटावर काढ. चंद्रकोरीसारखा वळलेला घाट आहे आणि तिथे छोट्या दगडी मंडपात एक मोठी घंटा टांगलेली आहे. देवळाची वाटते, पण जवळ जा. तिच्यावर १७०७ साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या चर्चच्या घंटा लुटीत आल्या, त्यांतली ही एक. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घाटावर धुणं धुणाऱ्या एका आजींनी मला ती हळूच टोल देऊन ऐकवली होती. आवाज पाण्यावरून पलीकडच्या झाडीत गेला आणि बऱ्याच वेळानं विरला. तू आपणहून वाजवू नकोस, कुणाला तरी विचार.

लिंबची बारा मोटांची विहीर तुझ्या तक्त्यात 'फोटो, १५ मिनिटे' अशी आहे. ते खोड. महामार्गावरून आत वळलीस की गाव लागतं आणि पुढे शेरी नावाच्या वस्तीत विहीर. वीरूबाई भोसले यांनी ती बांधवली, शिलालेखात शके १६४१ ते १६४६ असा काळ कोरलेला आहे, म्हणजे साधारण १७१९ ते १७२४. पायऱ्या उतरताना एका ठरावीक पायरीवर हवा एकदम गार लागते, जणू कुणी माठ उघडला. तिथेच बसून जेव. मोट म्हणजे बैलांनी ओढून विहिरीतलं पाणी वर काढायची चामड्याची पिशवी. वर एकाच वेळी बारा मोटा चालत, म्हणजे चोवीस बैल तरी आलेच. त्यांची नाडा ओढत उतरणारी धाव, मोटेतून थारोळ्यात पडणारं पाणी, मोटकऱ्यांची गाणी, हे सगळं डोळ्यांसमोर आणायला पंधरा मिनिटं पुरत नाहीत.

माहुलीला कृष्णा-वेण्णेचा संगम, रामशास्त्री प्रभुण्यांचं गाव. सातारच्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचं स्मारकही तिथे आहे, ते शोधायला लावीन तुला, जागा सांगणार नाही. कऱ्हाडला संध्याकाळी पोच. बहुतेक संगमांत एक नदी दुसरीला तिरकी येऊन मिळते, इथे कृष्णा आणि कोयना समोरासमोर येतात आणि दोघी मिळून पूर्वेला वळतात. यशवंतराव चव्हाणांची समाधी तिथेच आहे.

कऱ्हाडच्या पुढे खरा ऊसपट्टा सुरू होतो. इथे मात्र मी काका म्हणून नाही, मार खाल्लेला माणूस म्हणून सांगतो. गळीत हंगामात, म्हणजे तू निघतेयस त्याच दिवसांत, एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या लावून ऊस चाललेला असतो. ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. दहा-बारा वर्षांपूर्वी वाळव्याच्या अलीकडे अंधार पडल्यावर 'आता सहाच किलोमीटर' म्हणून मी चालवत राहिलो. पंक्चर झालेली एक ट्रॉली रस्त्यातच उभी होती. मला ती दिसली तेव्हा उसाची टोकं हातभर अंतरावर होती. हँडल वळवलं, चाक पाटात गेलं आणि खांदा निखळला. ट्रॅक्टरवाल्या पोरानंच मला उचललं आणि मोटारसायकलवर डॉक्टरकडे नेलं. तेव्हापासून नियम एकच: साडेपाचला सायकल थांबवायची, मुक्काम दोन किलोमीटरवर असला तरी. आणि चालत्या ट्रॉलीच्या मागे चिकटून वारा वाचवायचा नाही. तुम्हा पुण्याच्या मुलांना ती खोड असते.

त्या भागात पूल एकमेकांपासून लांब-लांब आहेत. पण बंधारे मध्ये-मध्ये भेटतात, कोल्हापूर पद्धतीचे. उतरून सायकल हातात धरून पलीकडे जाता येतं. बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असले की एका बाजूला तुडुंब पाणी आणि दुसऱ्या बाजूला खडक, कठडा नावालाच. स्थानिक माणूस नको म्हणाला तर वाद घालू नकोस. औदुंबरला तर मी सायकल होडीत घालून पलीकडे भुवनेश्वरीच्या काठाला गेलोय. होडीवाल्यानं विचारलं, "पायडल मारून चालवता का होडी?" अख्खी होडी हसली. मुक्काम औदुंबरला किंवा नृसिंहवाडीला कर, दोन्हीकडे यात्रेकरूंची सोय असते. एकटीच असलीस तरी दिवसाउजेडी पोचून खोली ठरव आणि घरी कळव. पौर्णिमा मात्र टाळ, गर्दीत जागा मिळत नाही.

सांगलीत शिरण्यापेक्षा हरिपूरला उतर. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ आणि हळदीची पेवं. पेव म्हणजे जमिनीत खोदलेली खोल कोठी, तोंड अरुंद, पोट मोठं, वरून माती लिंपून बंद केलेलं. हळद त्यात कीड न लागता टिकायची. २००५ च्या महापुरात बरीचशी बाद झाली. एखाद्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याला पेवाचं विचार, तो तुला तासभर सोडणार नाही.

शेवटचं खिद्रापूर. कोपेश्वर महादेवाच्या देवळातल्या स्वर्गमंडपात ४८ खांब आणि मध्ये गोल मोकळं आभाळ. समोर नंदी नाही, तो कृष्णेपलीकडे कर्नाटकात यडूरला आहे. का, याची गोष्ट गावात प्रत्येकजण वेगळी सांगतो. सगळ्या ऐक.

आता सायकल. टायर ३५ मिलिमीटर रुंदीच्या खाली नको. चाकातली हवा काढणारा इथला खरा शत्रू म्हणजे सराटा, जमिनीवर पसरणाऱ्या झुडपाचं काटेरी फळ. बांधावर, पार्किंगला, देवळाच्या आवारात, सगळीकडे. थांबलीस की टायरवरून जुन्या हातमोज्यानं हात फिरव, रुतलेला सराटा आत जायच्या आधी निघतो. गावातल्या सायकलवाल्याकडे तुझ्या मापाची ट्यूब मिळणार नाही, दोन जवळ ठेव. पण पंक्चर तो तुझ्यापेक्षा छान काढेल. तो खरवडून, सोल्युशन लावून, फुंकर मारत थांबतो ना, ते बघत उभी राहा. घाई करू नकोस, सोल्युशन वाळलं नाही तर तुकडा पुढच्या ओढ्यापर्यंतच टिकतो.

हरिपूरला पोचायच्या आदल्या रात्री फोन कर. काकूनं कृष्णाकाठच्या वांग्यांचं भरीत कबूल केलंय आणि भाकऱ्या किती टाकायच्या ते तिला आधी कळायला हवं.

तुझा,
काका

ता. क. तुझ्या ट्यूबचा वॉल्व्ह बारीक तोंडाचा आहे, पेट्रोल पंपावरची हवा त्यात जात नाही. पितळी अडाप्टर येतो, दोन घे. एक हरवतोच.