आयडियल गॅस जगात नाहीच, मग गणितं कशाला?

प्रश्न : काकू नमस्कार, मी अकरावीत आहे, लश्करला राहते. गॅसचं प्रेशर, व्हॉल्यूम, मोल आणि टेम्परेचर जोडणारं पीव्ही इज इक्वल टू एनआरटी हे सूत्र, त्याची गणितं सोडवून सोडवून वही भरली आणि आता सर म्हणतात आयडियल गॅस, म्हणजे हे सूत्र तंतोतंत पाळणारा गॅस, जगात कुठेच नसतो. मग जे नाहीच त्याची गणितं कशाला? आणि रियल गॅस वेगळा वागतो म्हणजे नेमकं काय करतो? पुस्तकातलं ‘लो टेम्परेचर, हाय प्रेशर’ पाठ झालंय पण डोक्यात काही शिरलं नाही.
– एक वाचक, ग्वाल्हेर

उत्तर : अगं, आधी स्वयंपाकघरात जा आणि गॅसच्या टंकीला वरपासून खालपर्यंत ओलं फडकं फिरव. जरा वेळाने वरचा भाग सुकेल, खालचा ओलाच राहील आणि मधे एक रेघ दिसेल, त्या रेघेखाली लिक्विड आहे, ते सावकाश तापतं म्हणून तिथलं पाणी उशिरा वाळतं. आयडियल गॅस भरला असता तर ही रेघ कधीच दिसली नसती, कारण त्याचे रेणू एकमेकांना ओढतच नाहीत, कितीही दाबा, कितीही गार करा, तो गॅसच राहणार.

आता हेच गणितात बघ. टंकीत 14.2 किलो गॅस, आतली जागा साधारण 33 लिटर. प्रोपेन-ब्यूटेनचं मिश्रण असतं, सरासरी मोलर मास, म्हणजे एका मोलचं वजन, 54 ग्रॅम धर, म्हणजे झाले 263 मोल. 300 केल्विनला, म्हणजे साधारण 27 डिग्रीला, तुझं सूत्र सांगतं की प्रेशर 195 अ‍ॅटमॉस्फियरच्या आसपास हवं, आणि प्रत्यक्षात ते दहाच्या आतच असतं! रेणूंनी एकमेकांना ओढून लिक्विड केलं ना, म्हणून. सूत्र एवढं चुकलेलं स्वतः काढून बघितलंस की परत विसरणार नाहीस, मला तरी हे पाठांतरापेक्षा फार मोलाचं वाटतं.

जानेवारीत आपल्याकडे थंडी कडाक्याची पडली की आच मंद होते तीही यामुळेच, रेणूंचा वेग कमी झाला की त्या ओढीतून सुटून वर येणारे कमी होतात. (त्यासाठी टंकी गरम पाण्यात ठेवू नका हं, कोणी कितीही सांगो.)

पण दाबलं की प्रत्येक गॅस लिक्विड होतोच असंही नाही, त्याचं क्रिटिकल टेम्परेचर बघावं लागतं, म्हणजे ज्याच्या वर कितीही दाबलं तरी लिक्विड होत नाही ते तापमान. अँड्र्यूज नावाच्या शास्त्रज्ञाने 1869 मधे कार्बन डायऑक्साइडचं दाखवलं, साधारण 31 डिग्री. म्हणजे आपल्या मे महिन्यातल्या खोलीत तो कितीही दाबा, लिक्विड होणार नाही आणि जानेवारीत त्याच खोलीत होईल. ऑक्सिजनचं तर उणे 118, म्हणून ऑक्सिजनच्या सिलिंडरमधे गॅसच असतो, वापरू तसतसा गेजचा काटा खाली येतो, आणि आपली टंकी मात्र लिक्विड संपेपर्यंत जोर धरून असते मग एकदम जाते, बरोब्बर पाहुणे आले की.

1873 मधे व्हॅन डर वाल्स या डच शास्त्रज्ञाने सूत्रात दोन दुरुस्त्या केल्या. एक या ओढीची, तिचा आकडा ‘ए’, कार्बन डायऑक्साइडचा हीलियमच्या साधारण शंभर पट आहे. दुसरी ‘बी’, रेणूंना स्वतःची जागा लागते त्याची, आणि ती जाणवते प्रचंड प्रेशरला, तेव्हा गॅस सूत्रापेक्षा कमी दबतो.

आणि गणितं कशाला, तर तुझ्या खोलीतल्या हवेला हेच सूत्र लावलंस तर हजारात एकाचाही फरक पडत नाही. साध्या प्रेशरला रेणू इतके लांब लांब असतात की ना ओढ कळते ना जागा. म्हणून गणित हातात आलं की गॅस कोणता, किती गार, किती दाबलेला हे आधी बघ आणि मगच एनआरटी लिही.