आधी सावली पाहा, मग सोलर घ्या

भाऊ, सोलर गीझर घेण्याआधी डिसेंबरात एकदा गच्चीवर जाऊन सावली कुठवर येते ते पाहा. तेव्हा सूर्य दक्षिणेकडे बराच खाली असतो. शेजारच्या जिन्याची सावली सोलरच्या नळ्यांवर पडली की गरम पाणी विसरा. तोंड दक्षिणेलाच. नागपूर 21 अक्षांशावर, म्हणून उतार 30 अंशांच्या आसपास ठेवा, थंडीतलं ऊन नीट मिळतं.

बोअरचं पाणी असेल तर काचेच्या नळ्यांचाच घ्या. दुसरा प्रकार फ्लॅट प्लेटचा, म्हणजे काचेखाली सपाट पत्रा असलेला; त्याच्या बारीक तांब्याच्या नळ्यांत क्षार बसतो. थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीपेक्षा उंच हवा, आणि हवेची नळी कधीच बुजवू नका.

गरम पाण्याला साधा पीव्हीसी पाइप लावू देऊ नका. माझ्याकडे प्लंबरने लावला, मे महिन्यात दोरीसारखा लोंबला!

आणि हो, सोलर रिकामा पडला असेल तर भर उन्हात थंड पाणी सोडू नका, तापलेली काच तडकते. मी दोन नळ्या अशाच घालवल्या. भरायचं ते पहाटे. उन्हाळ्यात पाणी फार तापू नये म्हणून मी अर्ध्या नळ्यांवर जुनं पोतं टाकतो. घरचे हसतात, हसू द्या.