ताण फक्त डोक्यालाच येतो का?

मिरजेच्या एका ताईंचा प्रश्न आलाय. डेंग्यूवरच्या माहितीपत्रकाचं भाषांतर त्या तपासत होत्या. त्यात असं वाक्य होतं : 'विषाणूजन्य रक्तस्रावी ज्वराच्या रुग्णांमध्ये ऑक्सिडीकारक ताण वाढतो व प्रतिऑक्सिडीकारकांचे संतुलन बिघडते.' ताई विचारतात, 'वाचणाऱ्याला वाटेल पेशंटला टेन्शन आलंय. इथं ताण चालेल का, की दुसरा शब्द आहे?'

ताई, ताण ठेवाच. त्या वाक्यातला सगळ्यात चांगला शब्द तोच आहे.

ताण मनाला चिकटला तो फार उशिरा. मुळात संस्कृत 'तन्' म्हणजे ओढणं, पसरणं. दोरीला ताण असतो, तारेला असतो. आणि आपल्या सांगली जिल्ह्यात तर तो बागेलाही देतात. डाळिंबाचा बहार धरायचा असला की पाणी तोडायचं, बाग ताणावर सोडायची. पानं पिवळी पडून गळायला लागली की म्हणायचं, ताण बसला. आटपाडीकडं माझ्या चुलत्यांची बाग आहे. एका वर्षी माळाच्या हलक्या तुकड्यात ताण जास्त झाला आणि फांद्या शेंड्याकडून वाळत आल्या. खालच्या भारी रानातही तेवढेच दिवस पाणी बंद होतं, तिथं मात्र नुसती पानगळ झाली. चुलते म्हणाले, 'झाडात साठा असेल तेवढाच ताण ते सोसतं.'

तुमच्या वाक्यातला ताण नेमका हाच. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी १९८५ साली ही संकल्पना मांडली, तीही एका बाजूला मारा आणि दुसऱ्या बाजूला साठा अशीच. विषाणूशी लढताना आपल्याच पांढऱ्या पेशी सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड अशी आक्रमक रसायनं सोडतात. ती विषाणू ओळखून थांबत नाहीत; पेशींच्या आवरणातली स्निग्धंही त्यात खराब होतात. आपण तेल खवट झालं म्हणतो ना, जवळपास तसंच. ते आवरायला शरीराकडं ग्लुटाथायॉन असतं, कॅटालेजसारखी विकरं (एन्झाइम) असतात. मारा या साठ्यापेक्षा वरचढ झाला की ताण. पाणी तोडलेल्या झाडाच्या पानातही हीच रसायनं वाढतात, म्हणजे चुलत्यांचा ताण आणि डॉक्टरांचा ताण हे दोन वेगळे अर्थ नाहीतच.

टेन्शनची शंका येते ती आधीच्या विशेषणामुळं. 'ऑक्सिडीकारक ताण' म्हणजे ऑक्सिडीकरण करणारा ताण, असा उलटा अर्थ निघतो. इथं तर ऑक्सिडीकरणामुळं ताण पडलाय. म्हणून सरळ षष्ठी लावा : 'ऑक्सिडीकरणाचा ताण'. आणि पहिल्यांदा येईल तिथं 'पेशींवर' हा एक शब्द जोडा. 'पेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण येतो' म्हटल्यावर मनाचा घोळ राहत नाही.

'प्रतिऑक्सिडीकारक' व्याकरणाला बरोबर आहे, पण माहितीपत्रक वाचणारा तिथं अडखळेल. अँटीऑक्सिडंट लिहा, चहाच्या पुड्यावरही आता तेच छापतात. फक्त ते काय करतं हे एकदा घरातलं उदाहरण देऊन सांगा. कृष्णाकाठचं वांगं चिरलं की फोडी काळ्या पडतात, ते ऑक्सिडीकरण. त्याच फोडींवर लिंबू पिळलं तर त्या पांढऱ्या राहतात; लिंबातलं क जीवनसत्त्व अँटीऑक्सिडंट आहे आणि आंबटपणाही मदत करतो. 'संतुलन' चुकीचं नाही, पण इथं 'समतोल ढळतो' जास्त बोलकं आहे.

एका जागी मात्र मी हट्ट धरीन. 'ताणामुळे रक्तस्राव होतो' असं कुठं लिहिलं असेल तर ते बदला. डेंग्यूच्या किंवा क्रिमियन-काँगो या दुसऱ्या रक्तस्रावी तापाच्या रुग्णांचं रक्त तपासलं तेव्हा बिघाडाच्या खुणा आढळल्या, हे एक. त्याच रक्तस्रावाचं कारण आहेत, हे दुसरं. खुणा आणि रक्तस्राव एकाच वेळी दिसले म्हणून '-मुळे' लावता येत नाही. 'आढळतो', 'दिसून येतो' अशी क्रियापदं याचसाठी आहेत. शिवाय '-मुळे' वाचून घरचे लोक अँटीऑक्सिडंटच्या गोळ्यांवर भरवसा ठेवतील आणि पेशंटला दवाखान्यात न्यायला उशीर करतील. प्रत्यय एवढासा, पण इथं तो महागात पडेल.

राहिला 'विषाणूजन्य रक्तस्रावी ज्वर'. शीर्षकात असू दे, पण मजकुरात ज्वर नको, ताप लिहा. अंगात ज्वर आहे असं मिरजेत कुणी म्हणत नाही. याच गटातला एक आजार १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात सापडला, गोचिडीतून पसरणारा. २०१६च्या सुमारास तो सिंधुदुर्गात आला. माकडं मरून पडायची आणि मग माणसं तापानं फणफणायची. तिथल्या लोकांनी त्याला माकडताप म्हटलं, आणि आता वर्तमानपत्रंही तेच छापतात.