केपटाउनच्या ट्रिपमध्ये केज डायव्हिंग, म्हणजे समुद्रात पिंजऱ्यात उतरून शार्क बघणं, करावं का? ग्रेट व्हाइट शार्क खरंच दिसतो का?

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: पोहता येत नसताना हे जमेल का, जिवाला धोका किती, आणि ग्रेट व्हाइट नक्की दिसेल का. मी पुण्याचाच, आणि दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या गान्सबाय व मॉसेल बे या दोन्ही ठिकाणी पिंजऱ्यात उतरलो आहे. पहिल्या दोन प्रश्नांची काळजी करू नका. तिसऱ्याचं उत्तर वाचल्याशिवाय मात्र बुकिंग करू नका.

पोहता येत नसलं तरी चालतं. पिंजरा बोटीच्या कडेला बांधलेला असतो आणि त्याचं वरचं टोक पाण्याबाहेर असतं. पाठीवर सिलिंडर नसतो. जाड वेटसूट, मास्क आणि वजनाचा पट्टा लावून डोकं वर काढून उभं राहायचं, डेकवरून ‘डाउन!’ अशी आरोळी आली की श्वास रोखून खाली जायचं. धरायला आतून वेगळा दांडा असतो. तो सोडून बाहेरच्या गजांना हात लावायचा नाही, हा एक नियम मनापासून पाळा. पाणी मात्र गार असतं, साधारण १२ ते १६ अंश. पहिल्यांदा डोकं बुडवलं की कपाळ ठणकतं आणि श्वास आपोआप तुटतो. म्हणून जाण्याआधी टिळक टँकवर किंवा घराजवळच्या तलावात उथळ बाजूला मास्क लावून, दांडा धरून श्वास रोखण्याची सवय करा.

त्रास होतो तो बोट लागण्याचा. बोट नांगर टाकून तासन्‌तास एका जागी डुलत असते आणि शार्कला ओढण्यासाठी पाण्यात सोडलेल्या माशांच्या तेलाचा वास नाकात बसतो. ताम्हिणी घाटात ज्यांना गाडी लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी.

आता मुख्य गोष्ट. केपटाउनहून दोनेक तासांवरचं गान्सबाय एके काळी ग्रेट व्हाइटची राजधानी होतं. समोरच्या डायर बेटाजवळ सीलची प्रचंड वसाहत आहे, तिच्यासाठी शार्क यायचे. २०१७ मध्ये तिथल्या किनाऱ्यावर ग्रेट व्हाइटची प्रेतं लागली, आणि त्यांची यकृतं गायब होती. हे काम ऑर्कांचं, म्हणजे काळ्या-पांढऱ्या किलर व्हेलचं. ‘पोर्ट’ आणि ‘स्टारबोर्ड’ अशी नावं मिळालेली नरांची जोडी यकृत तेवढं खाते आणि बाकीचं सोडून देते. त्यानंतर शार्कनी तो भाग जवळजवळ सोडला. केपटाउनजवळच्या फॉल्स बे या उपसागरातूनही ते दिसेनासे झाले. दोष फक्त ऑर्कांवर टाकणं मला पटत नाही. दक्षिण आफ्रिकेनं १९९१ मध्ये, जगात सर्वांत आधी, या शार्कला कायद्यानं संरक्षण दिलं. पण त्याच देशात क्वाझुलु-नताळच्या किनाऱ्यावर पोहणाऱ्यांसाठी लावलेल्या जाळ्यांत ते आजही मरतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्यामुळे गान्सबायला आज बहुतेक वेळा ब्राँझ व्हेलर दिसतो. तांबूस झाक असलेला, चपळ, सुंदर शार्क आहे, आणि त्याच्यासाठीसुद्धा जावं असं मी म्हणेन. पण जाहिरातीतला फोटो ग्रेट व्हाइटचा असेल तर फसू नका. निळ्याशार पाण्यातले व्हिडिओ बघूनही भुलू नका. त्यातले बरेच मेक्सिकोच्या ग्वादालूपे बेटाचे आहेत, आणि तिथलं शार्क पर्यटन जानेवारी २०२३ पासून बंद आहे. केपकडचं पाणी हिरवट, अनेकदा गढूळ असतं.

ग्रेट व्हाइटच बघायचा असेल तर केपटाउनच्या पूर्वेला, गार्डन रूट या किनारी पर्यटन मार्गावरच्या मॉसेल बेला मुक्काम ठेवा. तिथलं सील बेट किनाऱ्यावरूनच दिसतं. ऑर्का तिथेही येतात. २०२२ मध्ये त्यांनी तिथे ग्रेट व्हाइट मारल्याचं ड्रोनवर टिपलं गेलं. तरी शक्यता गान्सबायपेक्षा बरी. मे ते सप्टेंबर, म्हणजे तिकडचा हिवाळा, हा हंगाम. मी पाहिला तो आमिषाकडे न वळता गजांच्या अगदी जवळून सावकाश गेला. करड्या पाठीची आणि पांढऱ्या पोटाची सीमारेषा फाटल्यासारखी वेडीवाकडी, नाकाडावर जुने ओरखडे, आणि पाच कल्ले एकामागोमाग उघडताना दिसत होते. भीती वाटली नाही, नुसतं बघत राहिलो.

पैसे भरण्याआधी ऑपरेटरला मेल करून विचारा की गेल्या आठवड्यात कोणता शार्क दिसला आणि नाही दिसला तर परत यायला मिळतं का. आमिष पिंजऱ्यावर आपटेपर्यंत ओढत आणणारे टाळा. शार्कचं तोंड गजांवर आदळून जखमा होतात.

बजेट जास्त असेल आणि स्कूबाचं सर्टिफिकेट असेल, तर ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट लिंकनहून नेपच्यून बेटांकडे जाणाऱ्या बोटींचा विचार करा. तिथे समुद्रतळापर्यंत उतरणारा पिंजराही मिळतो. रॉडनी फॉक्स यांना १९६३ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियाच्याच किनाऱ्यावर ग्रेट व्हाइटनं जवळजवळ फाडलं होतं; त्यांनीच पुढे शार्क बघण्याचा पिंजरा बनवला आणि पुढचं आयुष्य शार्क वाचवण्यात घातलं.