कंपनी कुठे नोंदवायची हे ठरवण्याआधी

करसवलतीची जाहिरात पाहून देश निवडू नका. सुरुवातीची वर्षं बहुतेकदा तोट्याची. मग नफ्यावरची सवलत घेऊन करणार काय? त्यापेक्षा तोटा पुढच्या वर्षांत वजा करता येतो का, हे विचारा. अनेक देशांत मालकी मोठ्या प्रमाणात बदलली की या हक्कावर मर्यादा येते, आणि गुंतवणूकदार आले की नेमकं तेच होतं.

सगळ्यात जास्त घोळ शेअर्सचा. अमेरिकेत संस्थापकांचे शेअर्स टप्प्याटप्प्याने पक्के होणार असतील, म्हणजे कंपनीत टिकून राहिल्यावरच थोडे थोडे पूर्ण मालकीचे होणार असतील, तर ते मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम ८३(ब) खालचा, म्हणजे ‘कर आत्ताच्या भावाने आत्ताच लावा’ असा अर्ज करविभागाकडे गेलाच पाहिजे. मुदत वाढवून मिळत नाही. ती हुकली, की प्रत्येक टप्प्यावर त्या वेळच्या भावाने कर बसतो. शेअर तर विकता येत नाहीत, म्हणजे कर पदरचाच. वकील आठवण करेल या भरवशावर राहू नका.

जर्मनीत ‘जीएमबीएच’साठी (तिथली खासगी मर्यादित कंपनी) २५,००० युरो भांडवल लागतं, निदान निम्मं नोंदणीआधी, शिवाय हिस्सा विकायचा तर नोटरी आलाच.

आधीच्या नोकरीचा करार काढून स्पर्धाबंदीचं कलम वाचा, म्हणजे नोकरी सोडल्यावर त्याच धंद्यात उतरायला मनाई करणारं. कॅलिफोर्नियात १८७२पासूनच्या कायद्याने असं कलम सहसा टिकत नाही. बऱ्याच ठिकाणी मात्र टिकतं.

आणि कर्जाला वैयक्तिक हमी देऊ नका. एकदा सही केलीत, की मर्यादित दायित्व, म्हणजे कंपनीचं देणं मालकाच्या अंगावर न येण्याचं संरक्षण, त्या कर्जापुरतं कागदावरच उरतं.